‘मंग ते उतरले काऊन नाही?’ : बसंतरच्या काठावरची एक सकाळ समजून घेताना

आमची शाळा वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यात, जिल्हा परिषदेची. 16 डिसेंबरला परिपाठ झाला की दहा मिनिटं विजय दिनासाठी, म्हणजे पाकिस्तानविरुद्धच्या 1971 च्या युद्धातल्या विजयाच्या आठवणीसाठी, ठेवलेली असतात. मागच्या वर्षी मी सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपालची गोष्ट सांगितली. नेहमी सांगतात तशीच सांगितली : 21 वर्षांचा अधिकारी, पेटलेला रणगाडा, ‘बाहेर पड’ असा आलेला हुकूम, त्याचा नकार, वीरमरण, परमवीर चक्र. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग आठवीतला एक पोरगा उभा राहिला.

“मॅडम, मंग ते उतरले काऊन नाही? उतरून दुसऱ्या टँकात बसले असते, अजून लढले असते नं.”

बाकीचे पोट्टे त्याच्याकडे असे वळले की जणू त्याने काही वाईट विचारलं. मी म्हटलं, “शूर होते म्हणून.” तो गप्प बसला, पण त्याचं समाधान झालं नव्हतं, आणि माझंही नाही. ‘शूर होते म्हणून उतरले नाहीत’ आणि ‘उतरले नाहीत म्हणून शूर’ असं म्हणत राहिलो, तर पोराच्या हाती काहीच लागत नाही. त्याचा प्रश्न रास्त होता. पेटलेल्या गाडीतून उतरणं हे शहाणपण आहे. मग एक शिकलेला, हुशार, तरणा अधिकारी ते का करत नाही?

त्यानंतरचे काही दिवस मी जे मिळालं ते वाचलं. गावात एक काकाजी आहेत, बॉम्बे सॅपर्समधून निवृत्त झालेले. सॅपर म्हणजे सैन्यातले इंजिनिअर. पूल बांधणं, रस्ता काढणं, सुरुंग काढणं ही त्यांची कामं. काकाजी 1971 च्या युद्धात नव्हते, ते नंतर भरती झाले, पण सुरुंग त्यांनी हाताने काढलेले आहेत. त्यांच्याशी दोन-तीन संध्याकाळी बोलले, तेव्हा पोराच्या प्रश्नाचं उत्तर दिसू लागलं. ते रणगाड्यात नव्हतंच. ते रणगाड्याच्या मागे, नदीच्या काठावर होतं.

आणखी एक. मी अरुणला ‘तो’ म्हणणार आहे. तो 21 वर्षांचा होता. माझ्या पहिल्या बॅचची पोरं आज त्याच्याहून मोठी आहेत.

आधी जागा समजून घेऊ. पठाणकोटहून जम्मूला जाणारा रस्ता 1971 साली काश्मीरशी जोडणारा आपला मुख्य रस्ता होता. त्याच्या दक्षिणेला पाकिस्तानचा एक भाग भारताकडे पोटासारखा पुढे आलेला आहे, तो शकरगढचा. तिथून पाकिस्तानी सैन्य वर सरकलं असतं तर तो रस्ता तुटला असता. एखाद्या शेताचा कोपरा पांदणीत घुसलेला असावा आणि मालकाने ठरवलं तर साऱ्या गावाची वहिवाट अडवता यावी, असा तो भाग. त्यामुळे वाट न पाहता आपणच आत शिरायचं ठरलं. आत शिरताना वाटेत बसंतर नदी लागते, रावीची उपनदी. 15 डिसेंबरच्या रात्री ती ओलांडायची होती.

नदी फार मोठी नव्हती. अडचण तिच्या दोन्ही अंगांना होती : सुरुंग.

काकाजींनी मला हे अंगणात करून दाखवलं. तुतारी घेतली, म्हणजे टोकाला आर असलेली बैल हाकायची काठी, आणि सरळ जमिनीवर पालथे पडले. वय सत्तरच्या आसपास, काकू घरातून ओरडत होत्या, पण ऐकतात कुठे. तुतारी उभी खुपसायची नाही, तिरपी सरकवायची. “उभी खुपसली का सुरुंगाच्या डोक्यावर दाब पडते. तिरपी गेली का त्याच्या कुशीले लागते.” चार बोटं पुढे सरकले, पुन्हा खुपसली, पुन्हा चार बोटं. अंगणाच्या एका कडेपासून तुळशीपर्यंत जायला त्यांना कितीतरी वेळ लागला, आणि ते दिवसाउजेडी, आपल्या अंगणात, वरून एकही गोळा पडत नसताना. बसंतरवर हे रात्री, डिसेंबरच्या थंडीत, तोफांच्या माऱ्याखाली चाललं होतं. सुरुंग निकामी करायला पुढे लावायची अवजारं असलेले खास रणगाडेही होते, पण काम पटापट उरकणारं नव्हतंच. 9 इंजिनिअर रेजिमेंटच्या मेजर विजय रतन चौधरींनी या मोहिमेत सुरुंगांतून वाटा काढताना प्राण दिला. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. त्यांचं नाव शाळांमधून फारसं कुणी घेत नाही. ते घ्यायला हवं, कारण पुढची सगळी लढाई त्या वाटेवर उभी आहे.

सुरुंगाच्या पट्ट्यातून निघणारी ही वाट म्हणजे पांदणच समजा. दोन्ही बाजूंना पीक नाही, मरण. रुंदी एक रणगाडा जाईल एवढीच. शेजारून दुसरा जाऊ शकत नाही, वळायलाही जागा नाही.

आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते, कारण सगळं त्यावरच फिरतं. रणगाड्यासाठी पेरलेला सुरुंग सहसा माणसाच्या वजनाने फुटत नाही, त्याला जड दाब लागतो. त्यामुळे पायदळ रात्रीच नदीपलीकडे जाऊ शकतं, आणि तसं ते गेलं. 3 ग्रेनेडिअर्सने जरपाल नावाचं ठाणं घेतलं. मेजर होशियार सिंह यांची कंपनी तिथेच होती. पण रणगाड्यांना वाट तयार होईपर्यंत अलीकडेच थांबावं लागतं. म्हणजे पायदळ पलीकडे, त्याच्या मदतीचे रणगाडे अलीकडे, आणि मध्ये अर्धवट साफ झालेला सुरुंगांचा पट्टा. शत्रूने रणगाडे घेऊन चालून यायचं तर याहून चांगली वेळ त्याला मिळणार नाही. नदीपलीकडे पाय रोवलेल्या अशा तुकड्याला सैन्यात ‘ब्रिजहेड’ म्हणतात. तो पहिले काही तास फार नाजूक असतो. नुकताच घातलेला धुरा, म्हणजे शेताचा बांध, जसा पहिल्या पावसापर्यंत कच्चा असतो, तसा.

रात्रीच पलीकडून शत्रूच्या रणगाड्यांचे आवाज येऊ लागले. सतरावी पूना हॉर्स ही रणगाड्यांची रेजिमेंट अलीकडे थांबलेली होती. तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल हनुत सिंह यांनी सुरुंग पूर्ण निघालेले नसतानाच रणगाडे पुढे घालायचा निर्णय घेतला. हा निर्णय तितकाच मोठा आहे, पण तो या लेखाचा विषय नाही. त्या रात्री काय चाललं होतं ते कळायला एवढं पुरे.

रणगाड्याबद्दल थोडं सांगते, कारण आमच्याकडच्या पोरांनी तो फक्त परेडमध्ये टीव्हीवर पाहिलेला असतो. पूना हॉर्सकडे सेंच्युरियन रणगाडे होते. एकाचं वजन सुमारे 50 टन, म्हणजे मालाने भरलेले दोन दहाचाकी ट्रक. एवढं वजन चाकांवर असतं तर आपल्या मृगातल्या काळ्या मातीत ट्रॅक्टर रुततो तसं नदीच्या ओल्या पात्रात रुतलं असतं. म्हणून खाली लोखंडी पट्टा असतो, तो वजन पसरवून घेतो. आत चार माणसं : चालक, तोफेचा नेम धरणारा, तोफेत गोळा भरणारा आणि कमांडर. गोळा भरणाराच रेडिओही सांभाळतो. चालक आणि नेमवाला यांना बाहेरचं थोडंच दिसतं. सगळं पाहायचं काम कमांडरचं. त्यासाठी तो बहुतेक वेळा वरच्या झाकणातून डोकं बाहेर काढून उभा असतो. चौघांत सर्वांत उघडा तोच. त्याने ‘डावीकडे, इतक्या अंतरावर’ सांगितलं की तोफ वळते. म्हणजे कमांडर गेला की रणगाडा आंधळा होतो, आणि कमांडर जिवंत असून तोफ चालत असेल तर रणगाडा जागचा हलत नसला तरी लढू शकतो. हे शेवटचं वाक्य पुढे लागणार आहे.

अरुण या रेजिमेंटमध्ये 13 जून 1971 ला दाखल झाला होता. युद्ध सुरू झालं 3 डिसेंबरला. खांद्यावर एक तारा, नोकरी सहा महिन्यांची. जन्म पुण्याचा, 14 ऑक्टोबर 1950. प्रशिक्षण खडकवासल्याच्या एनडीएत आणि नंतर डेहराडूनला. पूना हॉर्सच्या नावातलं पूना म्हणजे आपलं पुणेच, रेजिमेंटचं मूळ 1817 सालचं. 1965 च्या युद्धात तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर चविंड्याच्या लढाईत पडले, त्यांनाही परमवीर चक्र मिळालेलं. नव्याने आलेल्या पोराला पहिल्या दिवसापासून ज्यांच्या गोष्टी ऐकायला मिळतात, ती माणसं ही.

16 डिसेंबरच्या सकाळी पाकिस्तानच्या रणगाड्यांनी जरपालवर उलटा हल्ला केला. अमेरिकी बनावटीचे पॅटन रणगाडे, संख्येने आपल्यापेक्षा जास्त. तिथे पूना हॉर्सची ‘बी’ स्क्वॉड्रन उभी होती. स्क्वॉड्रन म्हणजे साधारण 14 रणगाडे. तिच्या प्रमुखाने रेडिओवर मदत मागितली. अरुण ‘ए’ स्क्वॉड्रनमध्ये होता. त्याने ते ऐकलं आणि आपली छोटी तुकडी घेऊन आपण होऊन निघाला. नदी ओलांडताना शत्रूची काही ठाणी अजून जिवंत होती, त्यांनी गोळीबार केला. थांबून, वळसा घालून जायला वेळ नव्हता. तो थेट त्या ठाण्यांवर चालून गेला, मोर्चे तुडवले, तिथल्या सैनिकांना पिस्तुलाच्या धाकावर पकडलं. यात त्याच्या तुकडीतल्या एका रणगाड्याचा कमांडर मारला गेला. तरी तो पुढे गेला आणि ‘बी’ स्क्वॉड्रनला जाऊन मिळाला.

पहिला हल्ला तोवर परतत होता. मग शत्रूने एक अख्खी स्क्वॉड्रन नव्याने जुळवली आणि पुन्हा चाल केली. या वेळी मुख्य जोर होता तो अरुण आणि आणखी दोन रणगाडे उभे होते त्याच ठिकाणी. तीन रणगाडे, समोर स्क्वॉड्रन. शत्रूचे दहा रणगाडे तिथे फुटले, त्यातले चार अरुणने फोडले असं त्याच्या सन्मानपत्रात आहे. पण या बाजूचंही काही शाबूत राहिलं नाही. एका रणगाड्याला गोळा लागून त्याचा अधिकारी जखमी झाला, त्याला बाहेर पडावं लागलं. दुसऱ्याची तोफच चालेना. अरुणच्या रणगाड्यालाही गोळा लागला. त्या रणगाड्याचं नाव ‘फामागुस्ता’. तो पेटला, अरुण गंभीर जखमी झाला.

दारूगोळ्याजवळ आग लागणं म्हणजे काय, हे आमच्या भागात समजावून सांगावं लागत नाही. पुलगावचा डेपो आमच्या शेजारचा. 2016 च्या 31 मेला मध्यरात्रीनंतर तिथे आग लागली तेव्हा आसपासच्या गावांतली माणसं लेकरं कडेवर घेऊन अंधारात धावली होती. त्याच वेळी डेपोतले अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाची माणसं आगीच्या दिशेने गेली आणि त्यांतली कित्येक परत आली नाहीत. रणगाड्याच्या आत तर माणूस गोळ्यांना खेटूनच बसलेला असतो. इंधनही तिथेच. त्यामुळे पेटलेला रणगाडा सोडणं ही सैन्यात नामुष्की मानत नाहीत. त्याचा सराव करून घेतात. ‘बाहेर पड’ असं रेडिओवर सांगणारा वरिष्ठ अगदी बरोबर सांगत होता. त्या सकाळी जे अधिकारी जखमी होऊन रणगाड्याबाहेर पडले त्यांचं शौर्य कणभरही कमी नाही, हे मी वर्गात मुद्दाम सांगितलं.

मग अरुण का उतरला नाही?

दुसऱ्या दिवशी मी पोरांना मैदानात नेलं. शाळेमागे वेचणी होऊन गेलेल्या शेताच्या कडेला पऱ्हाटीच्या काड्या पडल्या होत्या, त्या आणल्या. फक्कीने नदी आखली. तिच्या दोन्ही अंगांना खडे मांडले, ते सुरुंग. खड्यांमधून एक अरुंद वाट सोडली. पलीकडे पोरांनाच बसवलं, ते जरपालचं पायदळ. त्यांच्यापुढे तीन काड्या उभ्या केल्या. मग दोन काड्या काढून घेतल्या आणि त्याच पोराला विचारलं, “आता तिसरी काढू?”

तो उकिडवा बसून बराच वेळ पाहत राहिला. मग त्याचं बोट त्या मोकळ्या जागेतून सरकत बसलेल्या पोरांपर्यंत गेलं, तिथून खड्यांमधल्या वाटेवर, वाटेतून नदीपर्यंत.

“धुरा फुटते मॅडम.”

अगदी तेच. पावसाळ्यात धुऱ्याला हातभर खिंड पडली की पाणी तिथूनच घुसतं आणि मग ती खिंड हातभर राहत नाही. खेत्रपालच्या जागेतून शत्रूचे रणगाडे आत आले असते तर समोर मोकळ्या रानात खंदकांत बसलेलं पायदळ होतं. पायदळाकडे रणगाडा अडवायची साधनं थोडी. त्यांच्या मागे तो एकच अरुंद रस्ता, ज्यावरून बाकीचे रणगाडे, दारूगोळा, जखमी, सगळं येत-जात होतं. रस्त्याचं तोंड शत्रूच्या हाती गेलं की पलीकडची माणसं पलीकडेच अडकली. सुरुंगांतून मागे पळायला जागा नाही. आणि ‘उतरून दुसऱ्या टँकात बसला असता’ म्हणावं तर त्या जागी दुसरा धड रणगाडा उरलाच नव्हता. दुसरा येईपर्यंत जी काही मिनिटं जाणार होती, त्या मिनिटांतच शत्रू आत येणार होता.

म्हणून त्याने रेडिओवर जे उत्तर दिलं त्याकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहते. तो म्हणाला की मी रणगाडा सोडणार नाही, माझी तोफ अजून चालू आहे. पूर्वी मला त्यातला फक्त नकार ऐकू यायचा. नकाराला जोडून त्याने कारण दिलं आहे, आणि ते कारण हिशेबाचं आहे. रणगाडा पेटलाय हे त्याला माहीत होतं, पण आत्ता या जागी तोफ कामाची आहे, आणि दुसरी नाही. कमांडर जिवंत असेल आणि तोफ चालत असेल तर रणगाडा लढू शकतो, हे त्याला सहा महिन्यांपूर्वीच शिकवलेलं होतं. परमवीर चक्राच्या सन्मानपत्रातही त्याला ‘जाणवलं’ असं म्हटलं आहे : शत्रूची मोडतोड झाली असली तरी तो याच भागातून पुढे सरकतो आहे, आणि आपण रणगाडा सोडला तर तो आत घुसेल, हे त्याच्या लक्षात आलं. मी हे पोरांना दोनदा वाचून दाखवलं. तो रागाच्या भरात किंवा मरायच्या इच्छेने थांबला असं त्यात नाही. त्याच्या लक्षात आलं, असं आहे.

मग हुकूम मोडला त्याचं काय, हे नववीतल्या एका मुलीने विचारलं. सैन्यात हुकूम पाळायचा असतो हे सगळ्यांना ठाऊक. मला जे पटतं ते मी सांगितलं. तो हुकूम त्याचा जीव वाचावा म्हणून दिलेला होता. दिलेलं मूळ काम मात्र एकच होतं, ही जागा राखायची, आणि ते त्याने मोडलं नाही. समोर काय चाललंय हे त्या क्षणी सर्वांत जवळून तोच पाहत होता. सैन्याने त्याच्या या निर्णयाला सर्वोच्च सन्मान दिला, त्यात त्यांचंही मत आलंच.

त्यानंतर त्याने शत्रूचा आणखी एक रणगाडा फोडला. मग फामागुस्ताला दुसरा गोळा लागला आणि अरुण गेला. आतले सवार नंद सिंह हेही गेले. त्या भागातून शत्रूचा एकही रणगाडा आत येऊ शकला नाही. त्याच दिवशी दुपारी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. दुसऱ्या दिवशी, 17 तारखेला, होशियार सिंह जखमी असूनही जरपालच्या खंदकांमधून फिरत आपल्या माणसांना उभं करत होते. त्याच संध्याकाळी या आघाडीवरही युद्ध थांबलं. 1971 च्या युद्धात चार परमवीर चक्रं दिली गेली, त्यातली दोन या एका लढाईची. होशियार सिंह चौघांतले एकटेच ते स्वतःच्या हाताने घ्यायला जिवंत राहिले.

परमवीर चक्राबद्दल एक गोष्ट आमच्या मुलींना फार आवडते. आजवर हे चक्र 21 जणांना मिळालं, त्यांपैकी 14 जणांना मरणोत्तर. त्याची रचना केली सावित्रीबाई खानोलकर यांनी. त्या मूळच्या युरोपातल्या, एका मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्याच झाल्या. साधं कांस्याचं चक्र, मध्ये राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रं. इंद्राच्या वज्रासाठी दधीचींनी आपली हाडं दिली, ही गोष्ट गावातल्या कीर्तनात पोरांनी ऐकलेली असते, त्यामुळे चित्रातलं वज्र त्यांना लगेच ओळखू येतं.

आणखी एक प्रसंग मी वर्गात सांगायचा की नाही यावर बराच विचार केला. अरुणचे वडील, ब्रिगेडिअर एम. एल. खेत्रपाल, मूळचे सरगोध्याचे. फाळणीत ते गाव पाकिस्तानात गेलं. 2001 साली, ऐंशी ओलांडल्यावर, ते जन्मगाव पाहायला गेले तेव्हा लाहोरमध्ये त्यांचा पाहुणचार एका निवृत्त पाकिस्तानी ब्रिगेडिअरने केला. त्यांचं नाव ख्वाजा मोहम्मद नासिर. शेवटच्या रात्री त्यांनी सांगितलं की बसंतरवर तुमच्या मुलासमोरच्या रणगाड्यात मी होतो, आणि तो माझ्या हातून गेला. त्याच्या शौर्याबद्दल ते आदराने बोलले. बापाने ते ऐकून घेतलं. मी हे सांगितलं तेव्हा वर्गात कुणी काही बोललं नाही, आणि मीही त्यावर पुढे काही बोलले नाही.

फामागुस्ता आपल्याच राज्यात आहे. तो दुरुस्त करून अहिल्यानगरला, रणगाडा दलाच्या प्रशिक्षण केंद्रात ठेवला आहे. 1971 च्या हिवाळ्यात युद्धाची चिन्हं दिसू लागली तेव्हा अरुण तिथेच नव्या अधिकाऱ्यांचा कोर्स करत होता. कोर्स अर्धवट टाकून त्याला रेजिमेंटकडे निघावं लागलं होतं.